चहासोबतचा मसाला केक, आणि तो मधोमध का खचतो

परवा रात्री भाचीचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. लोफ टिनमधला केक, मधोमध असा खचलेला की वाटावं मांजर बसून गेलंय, आणि खाली एकच ओळ, "मावशी, रेसिपी डिट्टो फॉलो केली गं, तरी असं का?" पाठोपाठ व्हॉइस नोट, की कडा मस्त झाल्यात पण मधे ओला आहे, तळाला गुळाची चिकट पट्टी बसलीय, आणि चव थोडी साबणासारखी लागतेय, आणि हो, वरून तडापण गेलाय. मी म्हटलं उद्या सांगते सावकाश, कारण हे एका ओळीत सांगता आलं असतं तर रेसिपीवाल्यांनीच सांगितलं असतं ना. ते सांगतात काय करायचं. का करायचं ते कुणी सांगत नाही, मग एखादी गोष्ट जराशी इकडेतिकडे झाली की आपण फोटो काढून मावशीला पाठवतो.

तर केक कुठला, तर अगदी साधा. ना आयसिंग, ना क्रीम, ना वर चेरी. कणीक, गूळ, दही, सुंठ, वेलदोडा, दालचिनी, जायफळ. लांबट ब्रेडच्या आकाराचा, सुरीने काप काढायचे आणि चारच्या चहाबरोबर खायचे. अंडं नाही, कारण आमच्याकडे निम्म्या लोकांना चालत नाही आणि उरलेल्यांना या केकमध्ये त्याची आठवण येत नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळत जातं. केक हा ढोकळ्याचा भाऊ आहे. पिठात फुगे करायचे आणि ते फुटायच्या किंवा पळून जायच्या आत पीठ त्यांच्याभोवती घट्ट होऊन बसलं पाहिजे, बस. म्हणजे ओव्हनच्या आत एक शर्यत चालू असते, एकीकडे फुगे मोठे होतायत आणि दुसरीकडे भिंती शिजून उभ्या राहतायत. भिंती आधी घट्ट झाल्या तर केक दडस होतो, फुगे आधी संपले तर केक बसतो. भाचीच्या केकमध्ये दुसरं झालं. ते का झालं हे कळायला आधी फुगे येतात कुठून ते बघू.

सगळ्यांना वाटतं फुगे सोडा करतो. अर्धंच खरं आहे. सोडा गॅस करतो, कार्बन डायऑक्साइड, पण त्या गॅसला शिरायला जागा लागते, आणि ती जागा म्हणजे आपण फेटताना पिठात अडकवलेले हवेचे बारीक बारीक बुडबुडे. सोड्याचा गॅस त्यांच्यात शिरतो आणि त्यांना फुगवतो, नवीन बुडबुडे काही तो स्वतःहून फारसे तयार करत नाही. म्हणून दही आणि तेल एकत्र चांगलं दोन-तीन मिनिटं फेटायचं असतं, तिथे कंटाळा केला की बुडबुडे कमी, मग आत मोजकीच मोठी भोकं पडतात आणि बाकी सगळा गच्च. जुना पाउंड केक तर सोड्याशिवायच व्हायचा, एक पाउंड म्हणजे ४५४ ग्रॅम मैदा, तेवढंच लोणी, तेवढीच साखर, तेवढीच अंडी, आणि लोण्यात साखर हात दुखेपर्यंत घोटायची, कारण साखरेचे टोकदार दाणे लोण्यात हवा खोवत जातात. गुळाला ते जमत नाही, तो ओलसर आणि मऊ, घोटला की नुसता लगदा होतो. म्हणजे आपल्या केकमध्ये सोड्यावरच जास्त भिस्त आहे, म्हणून सोडा नीट समजून घ्यायला पाहिजे.

खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. त्याला काहीतरी आंबट लागतं, इथे दह्यातलं लॅक्टिक ॲसिड, दोघं भेटले की गॅस सुटतो. आता सोडा जास्त झाला आणि आंबट कमी पडलं तर उरलेला सोडा कुठे जातो? तो ओव्हनच्या उष्णतेनेही फुटतो, थोडा गॅस देतो, पण मागे उरतं सोडियम कार्बोनेट, म्हणजेच आपला धुण्याचा सोडा. हो, कपड्यांचा. भाचीच्या जिभेने साबण ओळखला तो बरोबरच ओळखला. मी विचारलं किती घातलास, म्हणाली एक चमचा. कुठला चमचा? तर पोहे खायचा.

इथेच आपल्याकडे अर्ध्या केकांचा घात होतो. रेसिपीतला छोटा चमचा म्हणजे ५ मिली, तोसुद्धा सपाट, वर डोंगर नाही. आपला पोह्याचा चमचा त्याहून बराच मोठा आणि आपण भरतोही शीग लावून. कपाचं तेच. रेसिपीतला कप २४० मिलीचा, आणि आपला चहाचा कप दीडशेच्या आसपास, त्यातही प्रत्येक सेटचा वेगळा. भाजीत हे चालतं कारण भाजी चाखत चाखत करता येते. केक एकदा आत गेला की संपलं, मधे मीठ बघता येत नाही. म्हणून वजनकाटा घ्या, छोटा, स्वयंपाकघरातला. मी ओव्हनवर जेवढे पैसे घातले त्यापेक्षा त्या काट्याने जास्त केक वाचवलेत.

बेकिंग पावडर ही वेगळी वस्तू. तिच्यात सोडाच असतो, पण सोबत कोरडं ॲसिड आणि दोघांना ओल लागू नये म्हणून कॉर्नफ्लॉवर. म्हणजे आंबटाची सोय डब्यातच. बहुतेक पावडरी दोनदा काम करतात, एकदा ओलं झाल्यावर थोडं आणि मग ओव्हनमध्ये गरम झाल्यावर पुन्हा. सोड्याचं तसं नाही, दही लागलं की तो लगेच चालू होतो, थांबत नाही, अगदी ढोकळ्याच्या पिठात इनो टाकल्यावर जशी धावपळ करावी लागते तशीच. भाचीने पीठ कालवलं, मग ओव्हन लावला, मग तो तापेपर्यंत फोनवर बोलत बसली. पंधरावीस मिनिटांत सोड्याने आपली बरीच हवा ओट्यावरच काढून टाकली. ओव्हन आधी लावायचा, टिनला कागद लावून ठेवायचा आणि मगच ओलं आणि कोरडं एकत्र करायचं, या क्रमात बदल नाही. आणि पावसाळ्यात मुंबई-कोकणात बेकिंग पावडरीचा उघडा डबा दमट हवेत लवकर मरतो, शंका आली तर अर्धी वाटी गरम पाण्यात चमचाभर टाकून बघा, फसफसली तर जिवंत.

ही पावडर कुणी काढली त्याचा किस्सा मला फार आवडतो. बर्मिंगहॅमचा आल्फ्रेड बर्ड नावाचा केमिस्ट, त्याच्या बायकोला अंडीही सोसायची नाहीत आणि यीस्टही. या गृहस्थाने तिच्यासाठी आधी १८३७ मध्ये बिनअंड्याची कस्टर्ड पावडर केली आणि मग १८४३ मध्ये बेकिंग पावडर. म्हणजे एगलेस हे आपल्याकडचं खूळ आहे असं म्हणणाऱ्यांना सांगा.

आता भिंती. गव्हाच्या पिठात दोन प्रथिनं असतात, ग्लूटेनिन आणि ग्लायाडिन, पाणी मिळालं आणि मळलं की ती एकमेकांत अडकून ग्लूटेनची जाळी होते. पोळीच्या कणकेला आपण जो लोच म्हणतो ना, तो हाच. पोळीला तो हवाच, म्हणून मळतो, तेल लावतो, झाकून ठेवतो. केकला बरोबर उलटं हवं, तिथे लोच आला की काप तोडताना रबरासारखा ताणला जातो आणि आत लांबट बोगदे पडतात, खंडाळ्याच्या घाटातल्यासारखे. म्हणून ओलं-कोरडं एकत्र केल्यावर उलथन्याने वीस-पंचवीस वेळा, तळातून वर आणत, कोरडं पीठ दिसेनासं झालं की हात काढायचा. बारीक गुठळ्या राहिल्या तर राहू देत, त्या ओव्हनमध्ये जिरतात. हे आपल्या बायकांना सगळ्यात अवघड जातं, मलाही गेलं, कारण लहानपणापासून गुठळी म्हणजे लाज असं शिकवलेलं असतं.

भिंतीचा खरा सिमेंट मात्र स्टार्च. तांदळाची उकड आठवा, गरम पाण्यात पीठ पडलं की दोन मिनिटांत कसं दाटून येतं, ते स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात म्हणून. केकमध्येही तेच होतं, फक्त सावकाश. नुसत्या पाण्यात हे साठ-सत्तर डिग्रीच्या आसपास होतं, पण गूळ किंवा साखर भरपूर असली की ती पाणी स्वतःकडे ओढून धरते आणि स्टार्चला उशीर होतो, ऐंशी-नव्वदपर्यंत. हे लक्षात ठेवा, कारण "गोड कमी वाटतंय" म्हणून मूठभर गूळ वाढवला तर नुसता केक गोड होत नाही, भिंती उशिरा उभ्या राहतात आणि तोवर फुगे थकतात. अंडं असतं तर त्याचं प्रथिन घट्ट होऊन आधार देतं, आपल्याकडे ते नाही, म्हणजे आपला केक मधोमध पूर्ण शिजेपर्यंत नाजूकच असतो.

पीठ कुठलं? मी १२० ग्रॅम कणीक आणि ६० ग्रॅम मैदा घेते. सगळी कणीक घेऊन पाहिलंय, होतो, पण घशाशी कोरडा लागतो. चक्कीत दळताना गव्हाचा स्टार्च बराच तुटतो आणि असं पीठ पाणी जास्त पितं, वर कोंडा असतोच. पूर्ण कणकेचाच करायचा असेल तर दोनतीन मोठे चमचे पाणी वाढवा. सगळा मैदा घेतला तर फुगतो छान, पण मग गुळाचा आणि मसाल्याचा जो मातकट खमंगपणा असतो त्याला साथ मिळत नाही, माझं मत.

बाकीचं माप सांगून टाकते. चिरलेला गूळ १५० ग्रॅम, पाणी ६० मिली, ताजं पण किंचित आंबट दही २०० ग्रॅम, तेल आणि तूप मिळून ८० मिली, त्यातलं तूप दोन मोठे चमचे. खायचा सोडा अर्धा छोटा चमचा, बेकिंग पावडर पाऊण, मीठ पाव. सुंठ पूड दीड छोटा चमचा, दालचिनी एक, वेलदोडा पाऊण, जायफळ किसून पाव, दोन लवंगांची पूड, आणि आवडत असेल तर चिमूटभर मिरी. हे सगळं ८ इंच बाय ४ इंचाच्या लोफ टिनमध्ये साधारण दोन तृतीयांश भरतं, त्याच्यावर भरू नका, वर जागा लागते.

गूळ पाण्यात विरघळवायचा, दुधात नाही. गुळाच्या खिरीत गूळ नेहमी गॅस बंद करून, खीर कोमट झाल्यावर का घालतात? नाहीतर दूध फाटतं. गुळात थोडा आंबटपणा असतो, क्षार असतात, गरम दुधाला ते चालत नाही. पाण्यात मंद आचेवर विरघळवा, उकळत बसू नका, पाक करायचा नाहीये, आणि मग गाळून घ्या. चांगल्यातल्या चांगल्या ढेपेतही उसाची कुसं आणि बारीक कचकच असते. आणि पूर्ण गार होऊ द्या, नाहीतर दह्याचं पनीर होतं. भाचीने गूळ नुसता किसून घातला होता, त्याचे खडे जड, ते पातळ पिठातून खाली बसले आणि तळाला वितळून चिकट पट्टी झाली. झालं, तो प्रश्न सुटला.

मसाल्याचं मात्र मला जरा लांबण लावून सांगायचंय, कारण इथे जवळजवळ सगळ्या रेसिपी चुकतात. त्या म्हणतात मसाले पिठात मिसळा. अहो, आपण कधी हळद-हिंग-मोहरी पाण्यात टाकतो का? फोडणी करतो. मसाल्याचा वास देणारी जी द्रव्यं आहेत, लवंगेतलं युजेनॉल, दालचिनीतलं सिनमाल्डिहाइड, वेलदोड्यातलं सिनिओल, ती पाण्यात नीट विरघळत नाहीत, तेला-तुपात विरघळतात. म्हणून मापातलं ते दोन मोठे चमचे तूप छोट्या कढल्यात गरम करायचं, गॅस बंद करायचा, दहा पर्यंत मोजायचं, आणि मग सगळ्या पुडी एकदम त्यात. हलकीशी चर्र होते, वास घरभर जातो, शेजारच्या काकू विचारतात आज काय. गॅस चालू ठेवून टाकलं तर पूड जळते, तिखटाची फोडणी काळी पडते तशीच, आणि मग कडवटपणा काही केल्या जात नाही. हे मसाल्याचं तूप कोमट झालं की उरलेल्या तेलात आणि दह्यात ओतून फेटायचं.

आणि सुंठच का, ताजं आलं का नाही? आल्यातला झणका जिंजरॉलचा. आलं वाळलं की त्यातल्या बऱ्याच जिंजरॉलचं शोगाऑल होतं, ते त्याहून तिखट. सुंठीचा तो घशात नंतर येणारा उबदारपणा त्याचा. शिवाय ताज्या आल्याचं पाणी मापात कुठे धरायचं हा घोळ असतोच. आलं चहाला ठेवा. जायफळ मात्र कधीही पूड विकत आणू नका, अख्खं घेऊन किसणीवर चार वेळा फिरवायचं, त्याचा वास फार लवकर उडतो. वेलदोड्याची सालं फेकू नका, चहापत्तीच्या डब्यात टाका.

मसाल्याचा केक ही आपल्याकडे काही नवी गोष्ट नाही. केरळात तलश्शेरीला माम्बल्ली बापू म्हणून बेकरीवाले होते, १८८३ मध्ये मर्डोक ब्राउन नावाच्या मळेवाल्या इंग्रजाने त्यांना विलायतेहून आणलेला ख्रिसमस केक दाखवून तसाच कर म्हटलं आणि त्यांनी मलबारचे मसाले घालून करून दाखवला असं सांगतात. मुंबईच्या इराण्यांचा मावा केक घ्या, कुठलाही, त्यात मावा आहे म्हणून तो मावा केक, पण कागद सोलल्यावर पहिला वास येतो तो वेलदोड्याचाच.

आणि आमच्या कोकणात तर ओव्हन नसतानाही केक होता, धोंडस. जून झालेलं मोठं पिवळं तवसं, म्हणजे काकडी, किसायची, त्याच्या पाण्यातच रवा शिजवायचा, गूळ, ओलं खोबरं, वेलदोडा, जायफळ. आजी ते मिश्रण तुपाचा हात लावलेल्या जाड बुडाच्या टोपात थापायची, टोप चुलीवर, खाली मंद निखारे आणि वर झाकणावर पण निखारे. मी तिच्याशेजारी पाटावर बसून विचारायची, वरती कशाला? ती म्हणायची, "खालून पोट भाजतं, वरून तोंड." झाकण उघडू द्यायची नाही. वासावरून ओळखायची, चिमट्याने वरचे निखारे कमी-जास्त करायची, एकदा मी झाकण उचललं तर राख आत पडली आणि माझ्या वाटणीला तोच काप आला. ओटीजी, म्हणजे आपला विजेचा छोटा ओव्हन, त्यातले खालचे आणि वरचे रॉड म्हणजे तेच निखारे, फक्त बटणावर. धोंडसात सोडा नसायचा, म्हणून तो फुगत नाही, घट्ट असतो, आणि त्याला तसंच असायचं असतं. शर्यतच नाही तिथे, नुसत्या भिंतीच आहेत.

आता ओव्हन. लोफ टिन दिसायला साधा पण शिजवायला सगळ्यात त्रासदायक आकार, कारण तो खोल आणि जाड. उष्णता कडेकडून आत झिरपत जाते, आणि जाडी दुप्पट झाली की वेळ नुसता दुप्पट नाही, साधारण चौपट लागतो. म्हणून तेच पीठ कपकेकमध्ये वीसेक मिनिटांत होतं आणि लोफला पन्नास-पंचावन्न लागतात. कडेचं पीठ शिजून घट्ट झालं तेव्हा मधलं अजून भज्याच्या पिठासारखं असतं. वरचा पापुद्रा वाळून कडक होतो, आत मधला भाग अजून फुगतोय, त्याला जायला एकच वाट उरते, वर. मग पापुद्रा फाटतो. तो तडा. भाचीला वाटलं ती चूक आहे, चूक नाहीच, लोफ केकला तडा जायचाच, उलट गेला नाही तर मला शंका येते. अगदी सरळ रेषेत हवा असेल तर आत टाकण्याआधी तेलात बुडवलेल्या सुरीने मधोमध लांब रेघ ओढा, तिथूनच फाटतो.

तापमान १६५ ते १७०, रेसिपीत १८० लिहिलेलं असलं तरी. साखरेच्या केकला १८० चालतं, पण गुळात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सुटे असतात, ते लवकर लाल होतात, वरून चॉकलेटी आणि आत कच्चा अशी फसवणूक होते. आणि ओव्हनच्या बटणावर फार विश्वास ठेवू नका. माझा पहिला ओटीजी, कंपनीचं नाव जाऊ दे, काटा १८० वर असायचा आणि आत दोनशे वीस, हे मला वर्षभराने कळलं, छोटा थर्मामीटर आत लटकवल्यावर. तोवर मी स्वतःलाच दोष देत होते.

पहिली पस्तीस मिनिटं दार उघडायचं नाही. बस. इथे भाचीच्या केकचा शेवट झाला, तिने विसाव्या मिनिटाला दार उघडून काडी घालून पाहिलं. त्या वेळी मधल्या भिंती अजून ओल्या, फुग्यांमधला गॅस आणि वाफ गरम म्हणून ताणलेली, थंड हवा आत आली की ती आकसते, वरच्या पिठाचं वजन पेलवत नाही, आणि मधोमध खड्डा. एकदा बसला की परत उठत नाही, कारण सोड्याचा जीव तोवर संपलेला असतो. त्यातून तिच्याकडे सोडा जास्त, म्हणजे फुगे भराभर मोठे होऊन एकमेकांत फुटलेले, म्हणजे आधीच पोकळ, वर दार उघडलं. खचणारच.

चाळीस मिनिटांनंतर वर जास्त लाल दिसायला लागला तर फॉइलचा तुकडा नुसता अलगद वर टेकवा. काडी तड्यातून घालू नका, तिथे ती उगाच ओली येते, बाजूने तिरकी मधे घाला. कोरडी ठणठणीत यायची वाट बघू नका, एक-दोन ओलसर कण चिकटले तरी झाला, पीठ चिकटलं तर नाही. ज्यांच्याकडे सुईचा थर्मामीटर आहे त्यांनी मधोमध ९६ ते ९८ डिग्री बघावं. बाहेर काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं टिनमध्येच, कारण गरम असताना स्टार्च मऊ असतो, काढायला गेलं की दोन तुकडे. पण त्यापेक्षा जास्त नाही, नाहीतर वाफेचं पाणी होऊन बूड ओलं होतं. मग जाळीवर.

ओव्हन नसेल तर जाड कढई, तळाला मीठ किंवा वाळू, त्यावर स्टँड, घट्ट झाकण, दहा मिनिटं तापवून मग टिन आत. कुकर असेल तर शिट्टी आणि रिंग काढून, आणि पाणी अजिबात नाही. लांबट टिन मावत नाही, गोल डबा घ्या. केक होतो, फुगतो, पण वरून लाल होत नाही, कारण वर निखारे नाहीत, आजीचं तोंड भाजायचं राहिलं. तव्यावर काप काढून भाजून घेतले की भागतं.

आणि आता सगळ्यात अवघड काम, त्या दिवशी खायचा नाही. खरंच. गरम केकमध्ये मसाले एकेकटे लागतात, लवंग पुढे पुढे करते, सुंठ मागून येते. रात्रभर फॉइलमध्ये गुंडाळून ठेवला की आतली ओल कडेपर्यंत पसरते, वरचा कडक पापुद्रा मऊ चिकट होतो आणि मसाले एकमेकांत मुरतात, लोणच्यासारखं. ठेवायचा ओट्यावर, फ्रिजमध्ये नाही. फ्रिजमधला भात दुसऱ्या दिवशी कसा टणक होतो, शिजलेला स्टार्च थंडीत परत घट्ट व्हायला लागतो म्हणून. केकचंही तेच, चार-पाच डिग्रीला तो सगळ्यात लवकर शिळा होतो. बाहेर तीन दिवस छान राहतो, ऐन पावसाळ्यात किंवा मे महिन्यात दोनच धरा. जास्त ठेवायचा असेल तर काप करून सरळ फ्रीझरमध्ये. शिळा वाटला तर तव्यावर थेंबभर तूप सोडून काप दोन्ही बाजूंनी गरम करा, स्टार्च पुन्हा मऊ होतो आणि कडा कुरकुरीत, मला तर ताज्यापेक्षा हाच आवडतो.

गोड मी मुद्दाम बेताचं ठेवलंय कारण आपला चहा गोड असतो, दोन्ही गोड झाले की दुसरा काप नको होतो. चहा जरा कडक करा. चहातला तुरटपणा जिभेवरचं तूप धुऊन नेतो, मग पुढचा घास परत पहिल्यासारखा लागतो. फक्त चहात आलं आणि मसाला घालू नका, केकमध्ये सगळं आहेच, नाहीतर काढा प्यायल्यासारखं होतं.

बुडवायचा का? खारी बुडते कारण तिचे पदर ग्लूटेनने धरलेले असतात, टोस्ट तर कोरडाच, तो चहा पिऊनही उभा राहतो. आपण या केकमध्ये लोच येऊ नये म्हणून एवढी खटपट केली, त्याला धरून ठेवणारं काही नाहीच, गरम चहात दोन सेकंदांत स्टार्चही मऊ पडतो आणि निम्मा काप गळून खाली. भाचीला हेही सांगितलं, ती म्हणाली मी तरी बुडवणार. बुडव बाई, चमचा जवळ ठेव, पोह्याचा चालेल.